व्रण दिसण्याआधीचा शोध

महोदय,

धाकट्या भावाच्या हृदयाचा एमआरआय डॉक्टरांनी दाखवला, तेव्हा काळ्या स्नायूत एक पांढरा पट्टा चमकत होता. तो व्रण. स्नायूच्या जागी कोलॅजनचे राठ धागे. विजेचा प्रवाह तिथे अडखळतो आणि ठोका बिघडतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो.

मग वाचत गेलो आणि हृदयरोगांमागची जनुकं शोधणाऱ्या अमेरिकी संशोधक क्रिस्टीन सीडमन यांच्या कामापाशी थांबलो. १९९० मध्ये त्यांच्या गटाला या आजारामागचा पहिला जनुकीय दोष मायोसिनच्या, म्हणजे स्नायू आकुंचन पावायला लावणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात सापडला. तेवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की, दोष वारशाने आलेल्यांच्या रक्तात कोलॅजन तयार होत असल्याची खूण स्नायू जाड होण्याआधीच मिळते. व्रणाची तयारी इतकी आधी सुरू होते!

या आजाराने एखादा खेळाडू मैदानात कोसळला की दोन दिवस चर्चा होते. या वीस वर्षांच्या चिकाटीवर मात्र चार ओळीही येत नाहीत. आपण सविस्तर लेख छापावा. रुग्णाच्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासणी करून घ्यावी, हे त्यात ठळक असावं. माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

— एक वाचक