ज्याचं अजून काही झालं नाही, त्याची साक्ष

मोहननगर, नागपूर
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दोस्ता,
सप्रेम सलाम.

फोनवर आपण दोघं ‘कसं काय, बरं आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला. “प्रार्थनेला बसतो, तोंडून शब्द निघत नाही. माझा विश्वास उडाला का बे?” असं तू मेसेजमध्ये विचारलंस. मला नाही वाटत. ज्याचा उडाला, त्याला रात्री एक वाजता ही काळजी कशाला पडेल?

बुटीबोरीची कंपनी बंद पडली. चाळिशी उलटल्यावर तू पुण्यात चुलतभावाच्या हॉलमध्ये गादी टाकून मुलाखती देत फिरतोयस, इकडे घराचा हप्ता थांबत नाही. अशात जीभ जड होणारच. आपल्या चर्चच्या मंडळीत मात्र अशा माणसाला बोलायला जागा नाही, हे मला खटकतं. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, कोण उभं राहतं? ज्याचं ऑपरेशन नीट झालं, ज्याच्या पोराला नोकरी लागली, तो. चांगलंच आहे. पण ज्याचा रिपोर्ट अजून यायचाय, तो मागच्या बाकावर गप्प. पाळकसाहेबांना मी म्हणालो होतो, ज्यांचं अजून काही झालं नाही त्यांनाही कधी उभं करा. ते हसले. (उभं कोणाला केलं नाही, हे सांगायला नकोच.)

बायबलमध्ये मात्र त्याला जागा आहे. 88 वं स्तोत्र काढ. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे आभारावर, भरवशावर येतात. हे येत नाही, अंधारातच संपतं. पण तो माणूस तक्रार करतो ती देवाकडेच, आणि सकाळ झाली की पुन्हा त्याच्याच दारी. तुझ्याकडे शब्द नसतील तर त्याचे घे.

‘नोकरी लागणारच, फक्त विश्वास ठेव’ असं मी लिहिणार नाही. इतकी वर्षं तू टाकळघाटच्या बाजूने कामावर गेलास. हिस्लॉपसाहेब तिथूनच परतताना गेले. 1845 मध्ये नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी. शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून रात्री घोड्यावरून येताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं 1883 ला. देवाने त्यांना का नाही वाचवलं? मला ठाऊक नाही, आणि झटकन उत्तर देणाऱ्यावर माझा फार भरवसा बसत नाही. इब्री लोकांस पत्राचा 11 वा अध्याय आपण मोठ्या आवाजात वाचतो, सिंहांची तोंडं बंद होतात तिथवर. पुढे त्याच यादीत करवतीने चिरलेले लोकही आहेत, आणि वचनाचं फळ हाती न येताच ते गेले, असं तिथे सरळ लिहिलंय.

मग टिकून राहायचं म्हणजे करायचं काय? मला यिर्मया संदेष्ट्याचं शेत आठवतं, त्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. तेवढ्यात चुलतभाऊ येतो, म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. वेढ्याच्या दिवसांत जमीन! आपला कोणताही वकील हात जोडेल. यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, कागद मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावा म्हणून. आणि मग प्रार्थनेत देवाला विचारतो की शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, मला हे शेत घ्यायला कसं सांगितलंस? खत आधी झालं, शंका नंतर आली, आणि देवाने त्याला हाकलून दिलं नाही.

तुझंही तसंच चालू दे. इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला जा. तिकडे एखादं चर्च बघ, गाता आलं नाही तरी मागे बसून ये. वेळेवर जेव. हे सगळं करताना मनात काही दाटून आलं पाहिजे, अशी अट कोणी घातलेली नाही.

प्रार्थनेचं आमच्यावर सोड. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं छप्पर उसवून पक्षाघाती माणसाला खाटेसकट खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलंय. खाटेवरच्याच्या मनात काय होतं, ते मार्क सांगतच नाही. सध्या तू खाटेवर पड. बुधवारच्या प्रार्थनेला मी आहे, वहिनी आहेत, तुझी आई आहे, आणि पेटी वाजवणारे आपले काका, जे प्रार्थना लांबवतात पण मनापासून करतात.

काल तुझ्या घरी जाऊन आलो. वहिनी ब्लाउजांना हूक लावत बसल्या होत्या, गणपती-दसऱ्याच्या ऑर्डरी आहेत. धाकटी शेजारच्या पोरांबरोबर लाकडी नंदी ओढत घरोघर फिरली, तिला बोजारा (पोळ्याचे खाऊ-पैसे) बराच मिळाला. नाणी पावडरच्या डब्यात ठेवली आहेत. बाबाला पाठवायची म्हणते, त्याच्याकडे नाहीत ना. पोरांपासून काही लपत नाही रे.

आता कामाचं. मंडळीच्या मदत फंडात अर्ज करायला तू नको म्हणालास, असं वहिनी सांगत होत्या. का म्हणून? त्या पेटीत तू स्वतः वर्षानुवर्षं टाकत आलास. फॉर्म मी आणून भरून ठेवलाय, फक्त तुझी सही हवी. फोटो पाठवतो, प्रिंट काढून सही कर आणि शनिवारपर्यंत परत पाठव. कमिटी रविवारी उपासनेनंतर बसते.

तुझाच,
मोहननगरवाला