मॅरेथॉन एका सकाळपुरती नसते

‘एका दिवसाच्या हौसेसाठी मुंबईचे रस्ते कशाला अडवायचे?’ असा मॅरेथॉनवर आक्षेप घेणारे वाचकपत्र वाचले. गैरसोय होते, हे मान्य. पण ही हौस एका दिवसाची नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते. पन्नाशीपर्यंत माझ्याच्याने तेवढाही झाला नव्हता. जानेवारीतली तारीख डोक्यावर आली, तेव्हा कुठे पावसाळ्यापासून पहाटे उठू लागलो. झोप सुधारली, स्थानकाचा जिना चढताना लागणारी धाप थांबली, चिडचिडही कमी झाली (घरच्यांचे मत वेगळे असू शकते). प्रत्यक्ष ४२.१९५ किलोमीटर ही त्या महिन्यांची फक्त परीक्षा. त्यातही पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय पार थकलेले असताना. तिथे कठड्याशी उभे राहून पाणी-संत्री देणारे अनोळखी मुंबईकर मला तरी अडवणूक झाल्यासारखे वाटले नाहीत.

तक्रार करायचीच तर महापालिकेकडे करावी: बंद रस्त्यांची आणि रुग्णवाहिकांच्या पर्यायी मार्गांची माहिती सोसायट्यांच्या फलकांवर आठवडाभर आधी लागावी आणि मैदाने पहाटे पाचला उघडावीत.

– एक वाचक, डोंबिवली