सायलीस पत्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या जर्मनीतल्या इन्स्टिट्यूटच्या पार्टीचं वाचलं. प्रोफेसर स्वतः बियर उघडून विद्यार्थ्यांच्या हातात देतात, हे आईला दोनदा वाचून दाखवावं लागलं. आज्जीला सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस.

जर्मनीत 16 व्या वर्षी बियर-वाइन चालते, कडक दारू 18 नंतर. आईवडील शेजारी असतील तर बियर 14 व्या वर्षीही. आपल्याकडं महाराष्ट्रात बियर-वाइनला 21 आणि बाकीच्याला 25. शिवाय 1949 चा दारूबंदी कायदा आहेच, पिणाऱ्याला परवाना लागतो. दुकानात कुणी तो दाखवताना मी तरी बघितलेला नाही.

चोरून पिणाऱ्याला घाई असते बघ. आपल्या गल्लीतली पोरं काळ्या पिशवीतनं क्वार्टर आणतात, पन्हाळा रोडला गाडी बाजूला घेतात. प्लास्टिकचे ग्लास, खारे शेंगदाणे, अर्ध्या तासात खेळ खलास, आणि बडीशेप चघळत घरी. चवबिव कोण बघतंय, चढली की झालं. 31 डिसेंबरला चौकात कार्यकर्ते ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दूध वाटतात. ह्यातलीच दोन-चार पोरं तो ग्लासही रिकामा करतात आणि मग पन्हाळ्याची वाट धरतात. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाची ही तऱ्हा!

तिकडं बापासमोर बसून, जेवणाबरोबर, एक ग्लास दोन तास पुरवायचा. मला हे बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिकडचं सगळं सोनं असंही नाही. ऑक्टोबरफेस्टला, त्या म्युनिकच्या बियरच्या जत्रेत, टेकडीवर आडवी पडलेली माणसं टीव्हीवर आम्हीही बघतो.

आपल्यात आणखी एक खोड आहे. पोरगं पिऊन आलं तर ‘वय आहे त्याचं’, आणि पोरीच्या हातात ग्लास दिसला की अख्खी पेठ गोळा. मला हे पटत नाही. म्हणून तुला लिहितोय तेच दादालाही तोंडावर सांगितलंय: घ्यायची का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण लपवाछपवी नको.

‘नको’ म्हणालीस तर कारणं देत बसू नकोस. निदान एक तरी बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग ठेवायचं नाही, असा तिथल्या हॉटेलांना कायदाच आहे म्हणे. मग सोडा घातलेला सफरचंदाचा रस माग की खुशाल. घेतलीसच तर आधी चार घास खा, ग्लास टेबलावर ठेवून उठू नकोस, परतताना मैत्रीण बरोबर असू दे. आणि सायकल तिथंच ठेवून ट्राम पकड, पिऊन सायकल चालवली तरी तिथं गुन्हा होतो.

‘नको’ म्हणणाऱ्याला तिथली पोरं आग्रह करतात का, ते पुढच्या पत्रात लिही. इथं तर ‘आमच्यासाठी एवढी एक’ म्हणून जीव खातात.

दादाच्या मित्राबरोबर कांदा-लसूण चटणी पाठवतोय. डबा आल्याचं आईला कळव.

तुझे,
पप्पा