क्रूझच्या जाहिरातीत एकट्या प्रवाशाचा दरही छापावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्यांचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत क्रूझच्या सहलींवर लेख येतात आणि त्यांच्या शेजारी जाहिरातीही असतात. लेखांतून जहाजावरचे तरणतलाव, नाट्यगृह आणि डेकवरून दिसणारा सूर्यास्त यांचे वर्णन असते, आणि जवळपास प्रत्येक छायाचित्रात कठड्याशी उभे असलेले एखादे जोडपे किंवा कुटुंब दिसते. मी अलीकडेच प्रथमच एकटीने क्रूझचा प्रवास केला. जाण्यापूर्वी ही सगळी माहिती बारकाईने वाचली होती. परंतु एकट्या माणसाला जे ठाऊक असणे गरजेचे आहे, त्यातील फारच थोडे तीत सापडले. ते इतर वाचकांपर्यंत पोहोचावे आणि दरांबाबत एक मागणी आपल्यामार्फत जाहीरपणे मांडता यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी दराविषयी लिहिते. जाहिरातीत 'माणशी' म्हणून ठळक अक्षरांत जो आकडा असतो, तो एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून काढलेला असतो. खाली बारीक अक्षरांत 'ट्विन शेअरिंग' किंवा 'डबल ऑक्युपन्सी' एवढाच उल्लेख असतो. तीच केबिन एकट्या माणसाने घेतली की रिकाम्या राहिलेल्या जागेचे भाडेही त्याच्याकडूनच घेतले जाते आणि त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. पुष्कळदा ते इतके असते की एकूण भाडे छापील आकड्याच्या २०० टक्के होते; काही सहलींत, विशेषतः जहाज भरत नसेल तेव्हा, ते १५० टक्के किंवा त्याहूनही कमी होते. हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारले तेव्हा बुकिंग करणाऱ्या गृहस्थांनी, 'बरोबर कोणी येऊ शकत नाही का?' असे अगदी सद्भावनेने विचारले. त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोरच्या तक्त्यात एका माणसाचा रकानाच नव्हता.

क्रूझ कंपन्यांची बाजू मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आणि ती अगदीच पोकळ नाही. केबिनची संख्या जहाजबांधणीच्या वेळीच ठरून जाते. प्रत्येक केबिनमागे दोन प्रवासी असा हिशेब धरून जहाजाची क्षमता मोजली जाते. वरच्या बर्थवर तिसरा-चौथा प्रवासी आला की भरलेल्या जहाजाचा आकडा १०० टक्क्यांच्याही पुढे जातो. शिवाय कंपनीचे उत्पन्न केवळ भाड्यावर अवलंबून नसते. पेये, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, इंटरनेट, छायाचित्रे यांवर प्रवासी जहाजावर जो खर्च करतात त्याचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि केबिनमध्ये एकच माणूस आला की असा खर्च करणारा एक जण कमी होतो. हे सर्व मान्य केले तरी जो माणूस आलेलाच नाही तो जेवत नाही, त्याची चादर बदलावी लागत नाही, त्याच्यासाठी पाणी आणि वीज लागत नाही. असे असताना त्याचे भाडे पूर्णच्या पूर्ण घेणे मला न्याय्य वाटत नाही. बंदरशुल्क आणि दररोजचे सेवाशुल्क मात्र सर्वसाधारणपणे डोक्यामागे आकारले जाते, त्यामुळे एकट्या प्रवाशाने ते एकदाच द्यायचे असते. म्हणून बिलाची फोड मागून घ्यावी आणि दुप्पट आकारणी नेमकी कोणत्या रकमेवर झाली आहे ते ओळीओळीने तपासावे, असे मी आवर्जून सांगेन.

यातून मार्ग काढता येतो, हे काही कंपन्यांनी दाखवून दिले आहे. २०१० मध्ये सेवेत आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ स्टुडिओ केबिन बांधण्यात आल्या. त्यांचे क्षेत्रफळ साधारण १०० चौरस फूट आहे आणि त्यांची खिडकी समुद्राकडे नाही, तर आतल्या कॉरिडॉरकडे आहे. तरीही त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सामाईक दालन ठेवले आहे, जिथे एकट्याने आलेले प्रवासी एकमेकांना भेटू शकतात. 'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून चालते. त्याच्या २०१६ च्या नूतनीकरणात एका माणसासाठी १५ केबिन नव्याने करण्यात आल्या. हजारो प्रवासी नेणाऱ्या जहाजांच्या मानाने हे आकडे लहानच आहेत, त्यामुळे अशा केबिन लवकर संपतात. आणखी एक सावधगिरी म्हणजे एकट्यासाठीची केबिन नेहमीच स्वस्त पडेल असे समजू नये. कधीकधी आतल्या बाजूची साधी दोघांची केबिन सप्लिमेंट भरूनही तेवढ्यातच मिळते आणि जागाही अधिक असते. दोन्ही दर मागवून शेजारी शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

एवढे पैसे मोजून एकट्याने जावेच कशाला, असे मला घरातल्या आणि घराबाहेरच्या अनेकांनी विचारले. माझे उत्तर असे आहे की एकट्याने पहिलाच प्रवास करायचा असेल, तर त्यासाठी जहाजाइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. सामान एकदा लावले की ते परतीपर्यंत हलवावे लागत नाही. नवीन गावात अंधार पडल्यावर मुक्कामाची जागा शोधत फिरावे लागत नाही, जेवणाची चिंता नसते आणि रात्री कितीही वाजता खोलीतला फोन उचलला तरी पलीकडे कोणीतरी असते. दिवसभरात काय करायचे याचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी हाती येतो आणि त्यातले काहीही न करण्याची मोकळीक असते. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या वेळा सांभाळल्या, त्याला या मोकळिकीचे मोल सांगावे लागणार नाही.

अवघड असते ते पहिल्या संध्याकाळचे जेवण. भोजनगृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने यादीवरून नजर उचलून 'किती जण?' असे विचारले आणि मी 'एक' म्हटले, तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकले असे मला वाटले. त्याने मात्र जराही न थांबता पुढचा प्रश्न केला: वेगळे टेबल हवे की इतरांबरोबर बसाल? मी इतरांबरोबर बसेन असे सांगितले आणि आठ जणांच्या गोल टेबलाशी मला जागा मिळाली. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाईही एकट्याच आल्या होत्या. केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाचे अक्षांश-रेखांश सतत दिसत असतात. त्या रोज दुपारी ते एका छोट्या वहीत उतरवून घेत आणि रात्री टेबलावर बोटाने रेघ ओढून आपण किती सरकलो ते सर्वांना दाखवत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच जेवणापूर्वी त्या वहीची वाट पाहू लागलो. ज्यांना अशी सोबत आवडेल त्यांनी बुकिंग करतानाच ठरावीक वेळेची आणि ठरावीक टेबलाची जेवणव्यवस्था निवडावी, कारण 'केव्हाही या, कुठेही बसा' या पद्धतीत रोज नव्याने ओळख करून घ्यावी लागते. टेबल जमले नाही तर पहिल्याच रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाला स्पष्ट सांगावे. जागा बदलून मिळते आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

एकटेपणा मुळीच जाणवत नाही, असे मी म्हणणार नाही. बंदर न येणारे, दिवसभर समुद्रावरचे जे दिवस असतात, त्यांत दुपारी तीन-चारच्या सुमारास डेकवरच्या खुर्च्यांमध्ये सगळे दोघे-दोघे दिसतात आणि पुस्तकात लक्ष लागत नाही. परंतु ते तास सरतात, आणि ते आपण कोणाच्याही आधाराविना काढले याचे समाधान नंतर बराच काळ टिकते. नुकतेच एकटे पडलेल्या माणसाने मात्र पहिल्या प्रवासासाठी समुद्रावरचे दिवस कमी आणि बंदरे अधिक असलेला मार्ग निवडावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सुरक्षिततेबाबत आपल्याकडच्या लेखांत जवळपास काहीच नसते, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळून कलंडले, तेव्हा त्यावर ४,२०० हून अधिक माणसे होती आणि त्यांतील ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या अनेक प्रवाशांची आपत्कालीन कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण त्या वेळच्या नियमानुसार ती प्रवासी चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात बदल झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. अलीकडे अनेक जहाजांवर ती एकत्र न घेता फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहून प्रत्येकाने आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे धोक्याच्या वेळी जमण्याच्या ठरलेल्या जागी, जाऊन हजेरी लावायची असते. एकट्या माणसाने हे काम उरकून टाकू नये. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा ओळखून ठेवावा. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा चालत जावे आणि जाताना जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजावीत. धूर झाला किंवा दिवे गेले, तर हात धरून नेणारे कोणी शेजारी नसेल, तेव्हा हा आकडाच उपयोगी पडेल. माझ्या केबिनपासून जिना डाव्या हाताला होता, हे मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल.

किनाऱ्यावर उतरण्याबाबतही असेच आहे. जहाज सुटण्याच्या वेळेआधी, साधारण अर्ध्या ते एक तासावर, सर्वांनी परत येण्याची वेळ ठरलेली असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. बंदरातली स्थानिक वेळ तीच असेल असे नाही, आणि मोबाइल किनाऱ्यावरचे नेटवर्क पकडून वेळ आपोआप बदलतो, म्हणून उतरताना हातात साधे घड्याळ असावे. गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याच्या पुलावर, कार्ड दाखवल्यावर होणाऱ्या आवाजाबरोबर आपण जहाजाबाहेर गेल्याची नोंद होते, त्यामुळे कोण परतले नाही हे जहाजाला कळते. परंतु कळले तरी स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज सहसा थांबत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर मात्र साधारणपणे थांबते, किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची सोय कंपनी करते. जोडपे असेल तर दोघांपैकी एकाला तरी वेळेची आठवण राहते. एकट्याने जाणाऱ्याने पहिल्या एक-दोन बंदरांत कंपनीचीच सहल घ्यावी, तिचा दर जास्त वाटला तरी. दैनंदिन पत्रकावर बहुधा बंदरातील एजंटाचा फोन क्रमांक छापलेला असतो. तो कागदावर उतरवून पासपोर्टच्या प्रतीबरोबर जवळ ठेवावा, फोनमध्ये नव्हे, कारण फोन हरवू शकतो.

आजारपणाविषयी थोडक्यात सांगते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी वेगळी द्यावी लागते, आणि गंभीर प्रसंगी रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च फार मोठा असतो, म्हणून तो ज्या प्रवासविम्यात स्पष्टपणे धरलेला आहे असाच विमा घ्यावा. घेत असलेल्या औषधांची यादी, रक्तगट आणि घरच्या व्यक्तीचा क्रमांक लिहिलेला कागद केबिनच्या टेबलावर दिसेल असा ठेवावा आणि केबिन आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला तो पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावा. आपण दिवसभर दिसलो नाही, तर ते सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येणार असते.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत क्रूझच्या दरांचा तक्ता छापताना दोघांच्या हिशेबाने काढलेल्या 'माणशी' दराशेजारी एकट्या प्रवाशाला कर आणि सेवाशुल्क धरून एकूण किती रक्कम भरावी लागेल, याचा एक रकाना द्यावा, आणि त्या जहाजावर एका माणसासाठीच्या केबिन किती आहेत हेही त्यात नमूद करावे, ही माझी विनंती आहे. जाहिराती स्वीकारताना जाहिरातदारांकडेही हाच आग्रह धरता आला तर उत्तमच, कारण हा आकडा त्यांच्याकडे तयार असतो आणि आज तो फोन करून विचारणाऱ्यालाच सांगितला जातो.

आपली नम्र,
एक नियमित वाचक