टेपबरोबर तिचे कागदही जपा

संपादक महोदय,
स. न.

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट इथली जुनी कार्यालये जागा बदलतात तेव्हा तळघरांतून मेनफ्रेमच्या, म्हणजे खोलीभर पसरलेल्या जुन्या मोठ्या संगणकांच्या, काळातला ऐवज बाहेर निघतो. माहिती साठवलेल्या चुंबकीय टेपची गोल रिळे डोळ्यांत भरतात, म्हणून ती कोणीतरी बाजूला काढून ठेवतो. शेजारच्या कपाटातले भोके पाडलेल्या पंच कार्डांचे गठ्ठे, प्रिंटआउटच्या चवडी आणि टेप लायब्ररीचे रजिस्टर मात्र किलोच्या भावाने रद्दीत जातात. हे कागद गेले की त्या रिळांतल्या बऱ्याच टेपा मुक्या होतात, आणि ते नुकसान पुढे भरून काढता येत नाही. म्हणून हे पत्र.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली. तिला काम सांगायचे ते ८० रकान्यांच्या कार्डांवर, जॉब कंट्रोल लँग्वेजमध्ये, म्हणजेच जेसीएलमध्ये. पहिल्या दोन रकान्यांत दोन तिरप्या रेषा. जॉबचे, म्हणजे संगणकाला दिलेल्या कामाचे, एक कार्ड, दर पायरीला एक 'एक्झेक' कार्ड आणि दर फाइलला एक 'डीडी' कार्ड. टेपचा सगळा जीव या डीडी कार्डात असतो. रिळाची ओळख असलेला सहा अक्षरी व्हॉल्यूम क्रमांक, लेबलचा (टेपवरच लिहिलेल्या ओळखपट्टीचा) प्रकार, रेकॉर्डची (एका नोंदीची) व ब्लॉकची (एकत्र लिहिलेल्या रेकॉर्डांच्या गठ्ठ्याची) लांबी, घनता, सगळे तिथेच. घनता सांगणाऱ्या 'डेन' पुढे २ असेल तर इंचाला ८०० अक्षरे, ३ असेल तर १६००, ४ असेल तर ६२५०.

टेपवर स्टँडर्ड लेबल असेल तर यातले बरेचसे टेपवरही सापडते. सुरुवातीला ८० अक्षरांची व्हॉल१, एचडीआर१, एचडीआर२ ही लेबले येतात. एचडीआर२मध्ये रेकॉर्ड व ब्लॉकची लांबी आणि टेप लिहिणाऱ्या जॉबचे नावसुद्धा असते. पण एचडीआर१मध्ये फाइलच्या नावाची शेवटची १७ अक्षरेच मावतात, आधीची गळतात. आणि बिनलेबलाच्या टेपवर यातले काहीच नसते. ४००० अक्षरांचा ब्लॉक हाती लागला तर त्यात ८० अक्षरांचे ५० रेकॉर्ड आहेत, की १०० चे ४०, की १२५ चे ३२? टेप सांगत नाही, कार्ड सांगते.

ब्लॉक मोठे ठेवण्यामागे साधा हिशेब होता. १६०० घनतेच्या टेपवर दोन ब्लॉकांमध्ये ०.६ इंच कोरी जागा सुटते. ८० अक्षरांचा एकेक रेकॉर्ड सुटा लिहिला तर तो स्वतः ०.०५ इंच घेतो आणि त्याच्यामागे बारापट जागा वाया जाते. २४०० फुटी रिळावर जेमतेम ४४ हजार रेकॉर्ड बसतात. शंभरांचा ब्लॉक केला की तेच रीळ पाच लाखांवर रेकॉर्ड घेते. मात्र असा एक ब्लॉक वाचता आला नाही तर शंभर रेकॉर्ड एकदम जातात. म्हणूनच टेपच्या चुकांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागे.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ब्लॉक वाचताना चूक आली तर प्रणाली टेप मागे घेऊन पुन्हा वाचते. दर दहा प्रयत्नांनंतर टेप ड्राइव्हमधल्या (टेप चालवणाऱ्या यंत्रातल्या) क्लीनरच्या पात्यावरून ओढून धूळ निघते का पाहते, आणि असे शंभर प्रयत्न फसले तरच कायमची चूक धरून जॉब पडतो. लिहिताना चूक झाली तर मागे येऊन सुमारे साडेतीन इंच टेप पुसून टाकते आणि पुढच्या चांगल्या जागी लिहिते. असे १५ वेळा. नव्वदाव्या प्रयत्नाला ब्लॉक वाचला गेला तरी जॉबचा कंडिशन कोड शून्यच, म्हणजे 'सगळे ठीक' असाच, येतो. ना प्रोग्रॅमला पत्ता, ना अहवाल घेणाऱ्या खात्याला. कोलमडण्याच्या बेतात आलेली टेप आणि नवी कोरी टेप, दोन्ही कागदावर सारख्याच.

हा फरक दिसतो तो फक्त चुकांच्या नोंदीत. रीळ उतरवताना एसएमएफमध्ये, म्हणजे प्रणाली स्वतः ठेवते त्या नोंदवहीत, २१ क्रमांकाचा रेकॉर्ड पडतो. त्यात व्हॉल्यूम क्रमांक, ड्राइव्हचा पत्ता, वाचण्या-लिहिण्याच्या तात्पुरत्या व कायमच्या चुका, क्लीनर किती वेळा चालला, किती वेळा पुसावे लागले आणि एकूण किती वेळा वाचणे-लिहिणे सुरू केले, हे सगळे असते. नुसता आकडा पाहून भागत नाही, तो एकूण कामाशी ताडून पाहावा लागतो. हजार ब्लॉकांत पाच चुका आणि चाळीस हजारांत पाच चुका यांत फार अंतर आहे. मग याद्या दोन प्रकारे लावायच्या, एकदा टेपवार आणि एकदा ड्राइव्हवार. तीच टेप तीन ड्राइव्हांवर अडखळत असेल तर दोष टेपचा. एकाच ड्राइव्हवर वेगवेगळ्या टेपा अडखळत असतील तर टेप वाचणारे-लिहिणारे हेड मळले आहे. आणि एका ड्राइव्हवर लिहिलेली टेप तिथे बिनतक्रार वाचली जाते पण दुसऱ्या सगळ्या ड्राइव्हांवर अडते, तेव्हा लिहिणाऱ्या ड्राइव्हचे हेड तिरके बसलेले असते. ८०० घनतेच्या टेपांवर हा तिरकेपणा फार नडतो. आज अशी टेप वाचायला घेताना ती कोणत्या ड्राइव्हवर लिहिली होती हे कळले, तर तिच्या शेजारच्या दहा टेपांचे कोडे सुटू शकते.

जॉब लॉगचेही, म्हणजे जॉब कसा चालला याच्या छापील नोंदीचेही, तसेच. डीडी कार्डावर 'डिस्प=मॉड' असेल तर नवे रेकॉर्ड टेपच्या शेवटी जोडले जातात. जॉब मध्येच पडला आणि कार्डे तशीच पुन्हा लावली, तर पहिल्या खेपेचे रेकॉर्ड राहतात आणि तेच पुन्हा त्यांच्यामागे लागतात. टेपवर एक पावती दोनदा दिसली तर व्यवहार दोन होते की जॉब दोनदा चालला, याचा निवाडा त्या दिवसाचा लॉगच करू शकतो.

मुंबईत रिळांचे प्रकारही एकाच जातीचे नाहीत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याची टेप सात ट्रॅकची, म्हणजे तिच्या रुंदीत माहितीच्या सात समांतर ओळी; ती नऊ ट्रॅकच्या ड्राइव्हवर वाचता येत नाही. रीळ बाहेरून पाहून हे कळत नाही. खोक्यावरची चिठ्ठी किंवा रजिस्टरच सांगते.

आता ज्यांच्याकडे रिळे आहेत त्यांच्यासाठी. रिळाच्या मागच्या खाचेतली प्लॅस्टिकची रिंग आधी काढा. रिंग नसली की ड्राइव्ह लिहू शकत नाही. इथल्या दमट हवेत टेपचा थर ओल धरून चिकट होतो. अशी टेप चालवली तर चिरचिरते आणि थर हेडवर खरवडून निघतो, मग तो डेटा परत येत नाही. अशा टेपा जाणकार सुमारे ५० अंशांवर काही तास शेकून तात्पुरत्या वाचण्याजोग्या करतात; घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको, आणि ॲसिटेटच्या टेपला तर शेक द्यायचाच नाही. तोवर रिळे उभी, थंड आणि कोरड्या खोलीत ठेवा.

प्रिंटआउट ठेवायला जागा नसेल तर निदान जेसीएलची पाने, कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतील रेकॉर्डची मांडणी आणि टेप रजिस्टर यांची छायाचित्रे काढा, आणि प्रत्येक छायाचित्राला रिळावरचा सहा अक्षरी क्रमांक द्या. टेप वाचून होईल तेव्हा कोणता ब्लॉक कितव्या प्रयत्नाला वाचला गेला, कोणता वाचलाच गेला नाही, ही यादीही त्याच फाइलसोबत ठेवा.

आपला,
एक निवृत्त सिस्टिम्स प्रोग्रॅमर, मुलुंड (पूर्व)