गहू घराबाहेर

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तुला सीलिॲक निघालाय, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते. तरी तू म्हणतेस, "माझ्यापुरती भाकरी थापीन, ह्यांच्या पोळ्या चालू राहू देत," हे मला पटलेलं नाही. म्हणून तुम्हाला न विचारताच घरघंटी मागवली आहे, शनिवारी येईल. रागावू नका. मावशीची जुनी घंटी फुकट मिळत होती हे खरं, पण तिच्यात इतकी वर्षं गहू दळलाय. ते पीठ फटीफटीत बसतं, कितीही झाडलं तरी निघत नाही. गिरणीतही तेच होतं, आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच.

पोळ्या लाटताना पीठ उडतं आणि ओट्यावर, परातीत, मिठाच्या डब्यात जाऊन बसतं. सीलिॲकमध्ये तेवढंही आतड्याला बाधतं. पोट दुखलं नाही म्हणजे चाललं, असं नसतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही तुझं हिमोग्लोबिन चढत नव्हतं, कारण लोह जिथे शोषलं जातं त्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचंच अस्तर झिजलं होतं. तुझ्या खाण्यात हयगय झाली म्हणून नव्हे गं. हे मनातून काढून टाक.

बाबा, तुमची पोळी बंद नाही. पोळी-भाजी केंद्रातून रोज दोन तयार पोळ्या येतील. त्या झाकणाच्या डब्यात, बाहेरच्या टेबलावर ठेवा, आणि खाऊन झाल्यावर हात धुऊनच स्वयंपाकघरात जा. लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात किंवा तोच चमचा घालू नका.

ज्वारी एकदम दळू नकोस, आठवड्यापुरतीच दळ. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापतानाच फाटते. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून पिठात उकळतं पाणी घालून, झाकून, कोमट झाल्यावर एकेका भाकरीपुरतं मळ. मनगट दुखलं तर तांदळाची उकड काढून लाट. नवं पोळपाट-लाटणं आणि चाळणी घंटीबरोबरच येतील. लाकडाच्या भेगांत पीठ राहतं. आजीचं पोळपाट टाकू नका, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. त्याच्यावरची शेवटची चिमुकली पोळी, तूप-साखर लावून गुंडाळी केलेली, माझी असायची ना आई! आता तशीच तांदळाच्या भाकरीची गुंडाळी तू स्वतः खा. तूप मात्र भरपूर घाल.

खरा घात आपण गहू समजतच नाही अशा गोष्टींत आहे. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, आणि तो रोजच्या फोडणीतून पोटात जातो. म्हणून आधी हिंगच बदल, तांदळाच्या पिठाचा मिळतो. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, कुरडया, सातूचं पीठ, तयार पाकिटातला सोया सॉस, माल्ट घातलेली दुधाची पावडर या सगळ्यांवर फुली मार. भाजणी घरी कर, गहू वगळून. पुरणाला काही होत नाही, ते उकडीत भरून मोदक कर. पुऱ्या तळलेल्या तेलातला साबुदाणा वडाही नको, उपास असला तरी. देवळातला शिरा कपाळाला लावून बाबांच्या हातात दे, देव काही रागावत नाही.

दुधाने पोट फुगत असेल तर सध्या ताक-दही घे. दूध पचवणारं पाचकद्रव्य त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होतं. अस्तर भरून आलं की दूध बहुधा पुन्हा सोसेल, पण तुझ्या वयात त्याला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं, तेव्हा पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून द्यायचं नाही.

मी आणि दादाही टीटीजी, म्हणजे सीलिॲक ओळखायची रक्ततपासणी, करून घेतोय, कारण हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. मावशीलाही सांग. फक्त तपासणीआधी तिने गहू सोडायचा नाही, नाहीतर दोष असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

बाबा, सहा महिन्यांनी आईची टीटीजी पुन्हा, सोबत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, आणि हाडांच्या घनतेचं डॉक्टरांना विचारायचं. आत्ताच कॅलेंडरवर लिहा. शनिवारी घंटी आली की पहिल्यांदा मूठभर तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या, मग ज्वारी घाला.

तुमची,
मनू