गॅलिलिओची शिक्षा वाटून घेणारी लेक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गॅलिलिओवर आलेला लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, आणि तरीही वाचून झाल्यावर मन खट्टू झाले. बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. विज्ञान दिनाच्या भाषणांत दर वर्षी, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला चर्चने शिक्षा केल्याची हीच गोष्ट याच साच्यात ऐकत आलो: एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला धर्म आणि मध्ये एकटा म्हातारा. काही वक्ते तर गॅलिलिओला जिवंत जाळल्याचेही ठोकून देतात. जाळले ते जिओर्दानो ब्रुनो या इटालियन तत्त्वज्ञाला, 1600 साली. ‘तरीही ती फिरतेच’ हे गॅलिलिओच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्यसुद्धा खटल्याच्या कागदपत्रांत नाही. आपल्या लेखात ते ठळक टाइपात आहे.

पण मी पत्र लिहायला बसलो ते या चुकांसाठी नाही. लेखात त्याची मुलगी नाही, म्हणून.

व्हर्जिनिया हे तिचे जन्मनाव. 1600 च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या पाडुआत जन्मली. आई मरिना गाम्बा. गॅलिलिओने तिच्याशी लग्न केले नव्हते, त्यामुळे मुलींची लग्ने जमणे अवघड आणि हुंडा परवडणे त्याहून अवघड. 1613 मध्ये त्याने दोघी मुलींना फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातल्या सान मात्तेओ मठात घातले. थोरली तेरा वर्षांची, धाकटी लिव्हिया बारा वर्षांची. त्यांना कोणी विचारले नसणार. धाकटा व्हिन्चेन्झो मुलगा, त्याला पुढे कायदेशीर वारस करून घेतले. मुलींच्या वाट्याला ते आले नाही. ज्याने गुरूचे चंद्र पाहिले त्याला ही गोष्ट दिसली नाही, याचे मला वाईट वाटते, आणि गॅलिलिओवर माझी कितीही भक्ती असली तरी मी ते लपवणार नाही. लिव्हिया त्या मठात कधी रुळली नाही. कायम आजारी, अबोल. तिचे एकही पत्र आज आपल्यापाशी नाही.

थोरलीने मात्र दीक्षा घेताना नाव घेतले मारिया चेलेस्ते. चेलेस्ते म्हणजे आकाशाची. बापाचा ध्यास तिने आपल्या नावात बांधून घेतला.

तिची 124 पत्रे टिकली आहेत, 1623 पासूनची. गॅलिलिओने तिला लिहिलेली सगळी गेली. ती मठातच नष्ट केली गेली असावीत असे मानतात. त्यामुळे आपल्याला संवादाची एकच बाजू ऐकू येते, पण काय बाजू आहे ती! मठ गरीब, थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नाही, पोटाला जेमतेम. पंचविशीतच तिचे बरेचसे दात गेलेले. आणि ही मुलगी बापाच्या गळपट्ट्या धुऊन, कळफ करून पाठवते, त्याच्या मजकुराच्या सुवाच्य प्रती काढते, महाळुंगाचा मुरंबा करून धाडते. (आपल्याकडे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असते तेच महाळुंग.) 1625 च्या डिसेंबरात तिने मुरंब्यासोबत गुलाबाचे एक फूल पाठवले, ऐन थंडीत फुललेले. मठातल्या औषधांचे कामही तीच पाहायची. 1630 च्या सुमारास प्लेग आला तेव्हा तिने वडिलांसाठी वाळलेले अंजीर, अक्रोड, सताप आणि मीठ मधात कालवून औषध पाठवले. सताप! माझ्या आईच्या परसात तुळशीशेजारी असायची ती. तो शब्द वाचला आणि हे चारशे वर्षांपूर्वीचे घर मला एकदम शेजारचे वाटले.

तिकडून बापही काही कमी करत नव्हता. पैसे, वारुणी, मठाच्या खिडक्यांची डागडुजी. मठाचे बिघडलेले घड्याळ त्याने स्वतः दुरुस्त करून दिले. 1631 मध्ये तो मुलींच्या जवळ राहायला आर्चेत्रीतच आला. ते घर रिकामे असल्याची खबर लेकीनेच दिली होती. भेट मात्र गजांच्या जाळीतूनच व्हायची.

मग 1632 मध्ये पृथ्वी फिरते या मताची बाजू मांडणारा त्याचा ‘संवाद’ हा ग्रंथ फ्लॉरेन्समध्ये छापून निघाला आणि रोमचे बोलावणे आले. बोलावणे इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्माविरुद्ध मत बाळगणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे. हा शब्द आम्हा कोकणातल्या लोकांना नवा नाही. पोर्तुगिजांनी जिथे ते चालवले तो गोवा हाकेच्या अंतरावर आहे. खटल्याच्या वेळी गॅलिलिओ एकोणसत्तर वर्षांचा. ज्या पोप अर्बन आठवे यांनी एकेकाळी त्याचे कौतुक केले होते, त्यांच्याच कारकिर्दीत खटला चालला. 22 जून 1633 रोजी रोममध्ये गुडघे टेकून त्याला पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचे वाचून दाखवावे लागले. शिक्षा कैदेची, ती पुढे आयुष्यभराची नजरकैद झाली. शिवाय आणखी एक प्रायश्चित्त: तीन वर्षे, दर आठवड्याला, पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणायची.

ही सात स्तोत्रे मारिया चेलेस्तेने आपल्या अंगावर घेतली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सिएना शहरात नजरकैदेत अडकलेल्या वडिलांना तिने कळवले की निकालपत्र वाचले, वाईट वाटले, पण एका गोष्टीचा आनंदही झाला, कारण स्तोत्रे म्हणण्याचे काम मी करू शकते आणि ते सुरूही केले आहे.

संपादक महाशय, इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. ती श्रद्धाळू होती. ज्या चर्चने बापाला वाकवले, त्याच चर्चची ती संन्यासिनी. चर्च चुकले असे तिने कुठे लिहिलेले नाही, आणि बाप चुकला असे तर मुळीच नाही. तिने शिक्षेतला जो भाग आपल्याला उचलता येईल तो उचलला, एवढेच. तोही रोज उठून करायच्या प्रार्थनेत बसेल असा.

आणि फक्त प्रार्थनाच नव्हे. तो रोमला असताना आर्चेत्रीचे घर मठाच्या भिंतीआडून तिनेच चालवले. लिंबे किती उतरली, कबुतरांना पिल्ले झाली का, पिपातली वारुणी बिघडली का, खेचर कसे आहे, सगळा हिशेब पत्रांत आहे. आणि गॅलिलिओचे दोन मित्र घराच्या किल्ल्या मागायला आले, कागदपत्रे कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून, तेव्हा त्या किल्ल्या त्यांना तिनेच दिल्या. कडी घातलेल्या मठात बसून हे करायला धैर्य लागते. कोणत्या कागदांचे काय झाले असते कोण जाणे.

आपल्या लेखात विज्ञान आणि धर्म यांना दोन सैन्यांसारखे समोरासमोर उभे केले आहे. माझ्या घरी ते एकाच स्वयंपाकघरात राहत होते. 16 फेब्रुवारी 1980 चे सूर्यग्रहण. आमच्या भागात सूर्य जवळजवळ सगळा झाकला गेला होता आणि भर दुपारी रस्ते ओस पडले होते. मी मुलांना घेऊन मैदानावर होतो, पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून कागदावर सूर्याची कोर दाखवत. आईने वेध पाळले होते, लोणच्याच्या बरणीवर दर्भ ठेवला होता. पण तो पुठ्ठा तिनेच दिला होता, तिच्या नव्या साडीच्या खोक्याचा. संध्याकाळी ती अंघोळ करून स्वयंपाकाला लागली आणि मला म्हणाली, “दिसलं ना पोरांना नीट?” तिने माझे मत कधी मान्य केले नाही. मीही तिचे नाही. पण त्या दिवशी ती माझ्या बाजूची नव्हती, असे मला कोणी सांगू नये.

गॅलिलिओ डिसेंबर 1633 मध्ये आर्चेत्रीला परतला. लेकीला वडिलांचा सहवास मिळाला तो उणेपुरे चार महिने. 2 एप्रिल 1634 रोजी ती हगवणीने गेली, तेहतिसाव्या वर्षी. त्याच महिन्यात त्याने एका आप्ताला लिहिले की माझी लाडकी लेक मला सारखी हाका मारते आहे असे ऐकू येते. तो त्यातून उठला आणि ‘दोन नव्या विज्ञानांवर’ हा ग्रंथ त्याने पुरा केला. तो 1638 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापला गेला, तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती.

1642 मध्ये तो गेला. मोठे स्मारक त्याला लगेच मिळाले नाही. 1737 मध्ये फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधल्या नव्या थडग्यात त्याला हलवताना जुन्या जागी, त्याच्या शवपेटीजवळ, एका तरुण स्त्रीची शवपेटी सापडली. ती मारिया चेलेस्तेचीच असे मानले जाते. तिलाही वडिलांबरोबर त्याच थडग्यात ठेवले. थडग्यावर तिचे नाव नाही.

आपल्या लेखात तरी ते यावे, अशी विनंती आहे. पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा एक परिच्छेद सिस्टर मारिया चेलेस्तेसाठी ठेवा. जागा कमी पडत असेल तर ते ‘तरीही ती फिरतेच’ गाळा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कुडाळ (सिंधुदुर्ग)